वरचं गाव, खालचं गाव

पाण्याच्या खात्यात पाणी कमी नि किस्सेच जास्त साचतात! सत्तरच्या दशकात मी साकोलीकडे एका तलावावर कालवा निरीक्षक होतो. तलाव एक, गावं दोन. वरच्या गावाचं गेट उघडलं की सगळं पाणी तिकडेच, खालच्या गावाचा पाट कोरडा ठणठणीत! हे पाणी पाळी लावून सारखं वाटणं ही माझी नोकरी. हसा खुशाल!

*

पुण्याहून नवे साहेब आले. खालच्या गावात त्यांनी देशाचा नकाशाच टांगला. उत्तरेत पूर, दक्षिणेत दुष्काळ, म्हणून नद्या जोडायच्या! भाषण संपल्यावर म्हातारे तुकारामजी उठले.

"गंगा येईन तं चांगलंच हाय साहेब. पण थे बी वरच्या गावातूनच येईन ना जी?"

साहेबांनी नकाशा गुंडाळला.

*

वरच्या गावचे पाटील सोनबाजी मनात येईल तेव्हा गेट उघडायचे. साहेबांनी चिडून गेट बंद केलं नि भलंमोठं कुलूप ठोकलं. सकाळी पाहतो तर कुलूप शाबूत, साखळी शाबूत, गेटच गायब!

सोनबाजी म्हणाले, "तुमच्या कुलपाले कोनी हात नाही लावला जी!"

*

एकदा ऑफिसचा माठ कोरडा. साहेब ओरडले, "पाटबंधारे खात्यात प्यायला पाणी नाही?"

शिपाई म्हणाला, "आपली पाळी शनिवारी हाय, साहेब!"

*

नवं गेट बसलं, त्याच साली तुकारामजींनी आपली लेक कौशी सोनबाजींच्या पोराला दिली. मला वाटलं, आता पाणी येणार. कसलं काय! दिवाळीला तुकारामजींचं धान निसवत होतं, लोंब्या नुकत्या बाहेर पडत होत्या, नि बांध्यांना, म्हणजे भाताच्या खाचरांना, भेगा पडलेल्या. एक पाणी चुकलं तर दाणा नाही, हाती नुसती तणस. म्हातारा व्याह्यांच्या दारी गेला.

सोनबाजी म्हणाले, "सोयरीक आपल्या जागी, पाणी आपल्या जागी!"

मला फार वाईट वाटलं.

कौशी दिवाळीला माहेरी आलेली. नवरा न्यायला आला, तर ही जागची हलेना.

"तुमच्या बाबाले सांगा, गेट बंद करा. आमच्या बांधीत पाणी आलं का मी येतो!"

सोनबाजींच्या घरी दुसरं बाईमाणूस नव्हतं. बापलेकांनी काही दिवस करपलेला भात खाऊन पाहिला. मग सोनबाजी स्वतः जाऊन गेट बंद करून आले. खालचा पाट भरभरून वाहिला!

साहेब धावत आले. "कोणाच्या ऑर्डरने बंद केलं?"

"सुनेच्या!"

पुढच्या उन्हाळ्यात तुकारामजी गावातल्या तीन लग्नांच्या पत्रिका घेऊन ऑफिसात हजर. साहेबांनी विचारलं, "कुठे दिल्या पोरी?"

"तिघीबी वरच्या गावात जी. आता पुढच्या साली उन्हाळी धान बी लावून पाहतो!"