मार्कशीटच्या पासवर्डचे आठ ठिपके

आधीच सांगून ठेवतो, असल्या गोष्टींवर आपला काडीचाही विश्वास नव्हता. कोणी चिंचेखालच्या बाईचा किस्सा सुरू केला की मी त्याची पार टर उडवायचो. वीस वर्षं कॉम्प्युटरचा धंदा केला, मशीन कारणाशिवाय अडत नाही आणि कारणाशिवाय चालतही नाही, एवढंच मला ठाऊक. म्हणून हे लिहिताना जरा लाजच वाटून राह्यली आहे...

कापसाचे वाईट दिवस चालू होते, त्या वर्षांतली गोष्ट. पेपरात रोज आमच्या यवतमाळ जिल्ह्याचं नाव, आणि चांगल्यासाठी कधीच नाही. लोहाऱ्याला माझं छोटं ऑफिस होतं. शहरातल्या एका नर्सिंग शाळेला मी वेबवर चालणारा प्रोग्राम करून दिला होता. मुलींची नावं, हजेरी पानावर दिसायची, आणि मार्कशीट रिपोर्ट म्हणून निघायची. त्यात मी एक आळस केला होता, कबूल करतो. बाकी पानांना साधं लॉगइन दिलं, आणि रिपोर्टमध्ये थेट डेटाबेसचं मुख्य लॉगइन, पासवर्डसकट, लिहून ठेवलं. म्हणजे तो पासवर्ड कोणी बदलला की पानं चालणार, मार्कशीट मात्र अडणार.

बदलला मेश्राम बाईंनी. त्या तिथल्या हेडक्लार्क, कामाला एकदम कडक. पासवर्ड बदला आणि कोणालाही सांगू नका, असं मीच बजावलं होतं. बाईंनी ते इतकं मनावर घेतलं की मलाही सांगितलं नाही! रिपोर्ट अडला की स्क्रीनवर लॉगइनची चौकट यायची, बाई त्यात स्वतः पासवर्ड टाकायच्या आणि मार्कशीट काढायच्या. पंधरा दिवस असं चाललं. मग एका पहाटे बाई झोपेतच गेल्या.

तेराव्या-चौदाव्या दिवशी मी शाळेत होतो. तिथल्या ऑफिसच्या मशीनमध्ये व्हायरस शिरला होता, सकाळीच ती अख्खी पुसून नव्यानं भरली होती; डेटाबेस दुसऱ्या मशीनवर, तो शाबूत होता. बाराच्या सुमारास मुकुटबनची सुनंदा आली. पास झालेली मुलगी. वणीच्या एका दवाखान्यात तिला दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावलं होतं, पण मार्कशीट हातात असेल तरच. घरी पऱ्हाटी, म्हणजे शेतातली उभी कपाशी, लाल पडलेली, धाकट्या दोघांची शाळा सुटायला आलेली... ही जागा गेली तर पोरगी मजुरीला जाणार, हे तिनं रडता न रडता सांगितलं. तीनची एसटी धरायची होती.

रिपोर्ट उघडला. "लॉगइन फेल." पुन्हा उघडला, पुन्हा तेच. बाईंचं नाव, लेकीचं नाव, गावाचं नाव, सगळं टाकून पाहिलं. दुसरा रस्ता होता, पण त्याला सगळी सिस्टीम बंद करून दिवसभर बसावं लागलं असतं. अडीच वाजले. मला स्वतःचाच असा राग आला म्हणता! कीबोर्ड बाजूला सारला, चष्मा काढला, शर्टाला पुसून परत घातला.

चौकटीत आठ ठिपके होते.

मी काही टाकलं नव्हतं. सुनंदा समोरच्या बाकावर, क्लार्क राऊत बाबू दारात. मशीनमध्ये काही साठवलेलं असण्याचा प्रश्नच नव्हता, सकाळी मीच पुसली होती. फार विचार न करता बटण दाबलं. मार्कशीट समोर! एक प्रत काढली, सही-शिक्का झाला, राऊत बाबूंनी तिला स्कूटरवर बसवून स्टँडवर नेलं. बस मिळाली.

मी रिपोर्ट पुन्हा उघडला तर चौकट रिकामी. डेटाबेसच्या नोंदी काढून पाहिल्या. माझे फसलेले सगळे प्रयत्न तिथे होते, यशस्वी लॉगइन एकही नव्हतं.

आठ अक्षरं, एवढाच धागा हाती होता. दुसऱ्या दिवशी राऊत बाबूंशी बोलता बोलता बाईंचा एक ओरडा आठवला. मी शहरातला माणूस, एकदा बोलून गेलो होतो की यंदा लोकांनी कापूस फार पेरला. बाई फणकारल्या होत्या, "कापूस येचतात हो! पेरतात ते पऱ्हाटी." मी पऱ्हाटीची इंग्रजी अक्षरं बोटांवर मोजली, सात भरली. एक कमी. मग बाईंचा दुसरा हट्ट आठवला, शेवटी ईकार आला की त्या डबल ई लिहायच्या, वणीसुद्धा तशीच. टाकलं. लागला.

त्याच दिवशी रिपोर्टला वेगळं लॉगइन दिलं आणि जुना आळस निस्तरला.

आठेक दिवसांनी वणीहून फोन आला. "सर, मी लागली." आवाजात असा आनंद की मलाच भरून आलं. मग राहवलं नाही, ठिपक्यांचं सगळं तिला सांगून टाकलं. वाटलं, घाबरेल. तर ती शांतपणे म्हणाली, "बाईनं मले सांगतलं होतं नं सर. तुयी मार्कशीट मीच देईन म्हणे, दुसऱ्या कोणाले हात लावू देत नाही."

आमच्या धंद्यातल्या बऱ्याच जणांना विचारून झालं. कोणी ब्राउझर म्हणतं, कोणी माझा चष्मा. मला आजवर कारण सापडलेलं नाही. सुनंदाला नवल वाटलं नाही, आणि नोकरी तिला लागली आहे. मग मी तरी कायले डोकं खाजवत बसू?