बबनमामा मधोमध

कॅमेरा दिसला की बबनमामांना धीर धरवत नाही. बारसं असो, वास्तुशांत असो, नाहीतर कुणाच्या नव्या ट्रॅक्टरची पूजा. फोटोग्राफर तयारी करत असतो तोवर मामा पंगतीत वाढत असतात आणि फोटोत मात्र मधोमध. आमच्या कळंबचा फोटोग्राफर बिचारा हात जोडतो, "मामा, जरा बाजूला सरका की." मामा दोन्हीकडं नीट बघतात आणि म्हणतात, "बाजूला काय हाय रं? भिंत हाय. काढ तू."

बबनमामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. परंड्याला त्यांचं किराणा दुकान आहे. माझ्यावर त्यांचा भारी जीव. माझं स्थळ त्यांनीच आणलं आणि लग्नात माझ्यापेक्षा जास्त मिरवलेही तेच. रीतीप्रमाणे मंगलाष्टकं होईपर्यंत मामानं भाचीच्या पाठीशी उभं राहायचं असतं. मामा राहिले. पण अंतरपाट दूर झाला तसे जे पुढे आले, ते संध्याकाळपर्यंत मागे गेलेच नाहीत. आई वैतागली, "दादा, मामानं मागं थांबायचं असतंय." मामा म्हणाले, "मागं थांबल्यावर फोटूत दिसावं कसं?"

त्यामुळे आमच्या अल्बममध्ये मी एकीकडे, माझा नवरा सुहास दुसरीकडे आणि मध्ये गुलाबी फेट्यातले मामा, दोघांच्या खांद्यांवर हात टाकून. हार घालतानाच्या फोटोतसुद्धा आमच्या हातांखालून फेटा डोकावतोय.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत सुहास अमेरिकेला कामावर परतला. बायको म्हणून व्हिसा मिळाला की मी जाणार होते. धाराशिवला अशी कागदपत्रं तयार करून देणाऱ्या एक बाई होत्या. विवाह नोंदणीचा दाखला, लग्नपत्रिका, पासपोर्ट, सगळं त्यांनी भराभर बघितलं आणि अल्बम उघडून थबकल्या. "अहो, लग्न खरं आहे हे पटवायला नवरा-बायकोचे फोटो लागतात. हे तर तिघांचं लग्न दिसतंय."

व्हिसा नाकारला तर सगळं पुन्हा पहिल्यापासून, आणि तोवर आमचा संसार फोनवरच. मला तिथंच रडू कोसळलं.

मामांना कळलं तसे ते मिळेल त्या एसटीनं कळंबला आले आणि थेट फोटोग्राफरकडं गेले. "मला खोडून टाक," म्हणाले. ज्या माणसाला इतकी वर्षं नुसतं बाजूला सरकवता आलं नव्हतं, त्याला खोडायची संधी फोटोग्राफर कशाला सोडतोय? कॉम्प्युटरवर त्यानं मामांना पुसून टाकलं. फेटा गेला, मिशा गेल्या. माझ्या खांद्यावरचा हात तेवढा राहिला. मालक नसलेला, अंगठीसकट. मामांनी फोटो डोळ्यांजवळ धरला. "आयला, ही तर भुताटकी झाली की!"

धाराशिवच्या बाईंनी कपाळाला हात लावला. "फोटोत फेरफार सापडला तर अर्ज गेलाच समजा. जे आहे तेच घेऊन जा."

त्या दुपारी मामा जेवले नाहीत. फेटा काढून भिंतीला टेकून बसले. "माझ्यापायी पोरीचा संसार अडकला," एवढंच म्हणत होते. मी खूप चिडले होते, पण मामांना असं कडेला बसलेलं मी कधी बघितलंच नव्हतं. माझा राग टिकेना.

मुलाखतीला ते माझ्यासोबत मुंबईला आले. "म्या आत येतो. सायबाला समदं सांगतो." अमेरिकन वकिलातीच्या दारावरच्या शिपायानं त्यांना रस्त्यावरच थांबवलं. आत साहेबानं अल्बमचं एक पान उलटलं, दुसरं उलटलं, मग भराभर शेवटापर्यंत गेला. दुभाषी बाईंनी त्याचा प्रश्न मराठीत विचारला, "हे गृहस्थ कोण?"

"माझे मामा."

"प्रत्येक फोटोत?"

"हो. ऐकतच नाहीत हो ते!"

माझ्या आवाजात इतका वैताग होता की दुभाषी बाईंना हसू आवरेना. त्यांनी साहेबाला सांगितलं, तसा तोही हसायला लागला. म्हणाला, खोटं लग्न दाखवायचं असतं तर या माणसाला कुणी फोटोत येऊ दिलं नसतं. आणि व्हिसा मंजूर झाला.

बाहेर येऊन मी हे सांगितलं, तेव्हा मामांनी भर रस्त्यात फेटा सारखा केला. "बघ माय. म्या मधी होतो म्हणून जमलं."

महिन्याभरात सुहास मला न्यायला आला. निघताना कळंबच्या स्टँडवर सगळे जमले. फोटोसाठी उभे राहिलो तर आम्ही दोघांनी सवयीनं मध्ये जागा सोडली. मामांनी मात्र सुहासच्या हातातला फोन घेतला. "न्हाय जावईबापू. आता मधी कुणी नगं. चिकटून उभं ऱ्हावा. म्या काढतो."

जन्मात पहिल्यांदा ते कॅमेऱ्याच्या मागे गेले. डोळे भरून आले होते त्यांचे, त्यामुळे समोरचं धड दिसतही नसावं. मलाही दिसत नव्हतं.

तो फोटो आम्ही इथल्या बैठकीच्या खोलीत लावलाय. डावीकडे मी, उजवीकडे सुहास आणि मधोमध मामांचं बोट.