काशीच्या अंगातलं वारं

श्रीहरीची कृपा असो, आणि हे लिहून होईपर्यंत माझा हात स्थिर राहो.

माझ्या एका वाक्याने माझी बहीण भाजली होती.

ती बहीण, काशी, आज सकाळी जव्हारला लेकीच्या घरी निवर्तली. ही गोष्ट मी आयुष्यभर देवापुढे बोललो. एका काशीखेरीज माणसांपुढे आज प्रथमच बोलतो आहे.

जव्हार संस्थान विलीन होऊन थोडीच वर्षे झाली होती. साखरशेतजवळच्या आमच्या पाड्यावर शाळा नवी होती आणि गुरुजी घाटावरचे. मी नऊ वर्षांचा, काशी सात.

काशी बसत नसे.

'क' काढायला घेतला की अर्ध्यावर पाटी टाकून दारात. प्रश्न संपण्याआधी उत्तर. पाण्याला पाठवावी, तर कळशी ओढ्यावर विसरून ओंजळभर करवंदे घेऊन परत. छडी बसली की रडायची, आणि रडता रडता बाहेरचा सरडा पाहून हसायची.

एका शनिवारी गुरुजी हसत मला म्हणाले, "अरे, तुझ्या बहिणीच्या अंगात वारं भरलंय! घरी सांग हो."

मी आज्ञाधारक मुलगा. जसेच्या तसे सांगितले.

गुरुजींच्या मराठीत त्याचा अर्थ इतकाच, की पोर अवखळ आहे.

आमच्या घरच्या बोलीत 'वारं' अंगात शिरते ते बाहेरचे. भुताखेताचे.

बाचा घास हातातच राहिला. "गुरुजी म्हनला असं?"

"हो."

"शिकल्याला मानूस. खोटं कशाला सांगंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात भगत बसलेला दिसला. भूत उतरवणारा माणूस. मला त्याच्या डोळ्यांचेच भय वाटे. चुलीत विळ्याचे टोक लाल होत होते.

"आये, इळा चुलीत का?"

"गप ऱ्हा. तूच सांगितलंस ना गुरुजीचं?"

ते वाक्य अजूनही जपाला बसलो की मध्येच कानात येते.

मी पळालो. ओढा ओलांडून शाळेच्या खोलीपाशी पोहोचलो, तेव्हा गुरुजी दाढी करत होते. मी म्हणालो, "काशी... इळा... तुमी म्हनला वारं..."

त्यांना कळले. एका गालावर साबण तसाच ठेवून ते माझ्यापुढे धावले.

आम्ही पोहोचलो तोवर एक डाग देऊन झाला होता. डाव्या मनगटावर.

दुसऱ्यासाठी विळा पुन्हा निखाऱ्यात होता.

"अहो, थांबा! वारं म्हणजे खोडकर! चपळ! आमच्याकडे तसं म्हणतात हो!"

भगत शांतपणे म्हणाला, "मंग गुरुजी, खोडकर म्हनायचं. तुमी वारं म्हनलां, आमी इळा तापवला."

त्याने विळा पाण्यात बुडवला. मनगटाला पाला वाटून त्यानेच लावला.

काशी मला बिलगून एकच विचारत होती, "दादा, गेलं का रं वारं?"



खरे भय पुढे आहे.

त्यानंतर आठ दिवस काशी शाळेत हलली नाही. मांडीवर हात ठेवून दगडासारखी बसून राहिली. पाड्यावर सगळे म्हणाले, "बगा, गुन आला!" बासुद्धा सुखावला. आणखी दोन घरांत भगताला बोलवायचे बोलणे सुरू झाले.

गुरुजी मात्र तिच्याकडे पाहून पांढरे पडत. मला बाजूला घेऊन म्हणाले, "ही शांत झालेली नाही रे. ही भ्यालीय."

नवव्या दिवशी दारात सरडा आला आणि काशी उठून त्याच्यामागे पळाली. गुरुजींनी डोळे पुसले.

मग त्यांनी छडी आढ्यात खोचून ठेवली. काशीला दारापासून दूर, स्वतःजवळ बसवले. दोन गणिते झाली की समोरच्या मोहाच्या झाडाला हात लावून यायचे, मग पुढची दोन. एका वेळी एकच काम, आणि ते तिने आपल्या तोंडाने परत म्हणून दाखवायचे. जमले की लगेच, सर्वांसमोर, "शाब्बास काशी." कळशी रिकामी आली, तर रागावणे नाही, पुन्हा जायचे, एवढेच. ते त्या दोन घरीही गेले आणि चूक आपल्या शब्दाची होती असे हात जोडून सांगून आले.

यात जादू नव्हती. काशी जन्मभर वस्तू विसरली, बोलणाऱ्याला मध्येच तोडत राहिली. पण शिकली. पोशेऱ्याच्या बालवाडीत पुढे तिने कितीतरी वर्षे मुले सांभाळली. तिच्या वर्गात 'गप बस' हे शब्द कोणी ऐकले नाहीत. न बसणारे लेकरू आले, की तिचा उजवा हात नकळत डाव्या मनगटावर जाई.

मनाला वाऱ्याची उपमा देणारे श्लोक मी पुढे पाठ केले. प्रत्येक वेळी मला विळाच दिसला.

गेल्या वर्षी माझ्या पणतीच्या शाळेतून निरोप आला: एका जागी बसत नाही, लक्ष नाही. डॉक्टरांनी घरी कशी, शाळेत कशी, कधीपासून, सगळे विचारले. दोन-तीन भेटींनंतर एक शब्द कागदावर लिहून माझ्या हाती दिला, एडीएचडी.

मी तो कागद देव्हाऱ्यामागे लपवला. पुन्हा एक शब्द घरात आला होता, आणि पुन्हा माझ्याच हातून.

काशी तेव्हा अंथरुणाला खिळलेली. तिला सांगितले, तर खळखळून हसली.

"दादा, मला कधी नाव कळलंच नाय. तिला कळलं, बरं झालं. काढ तो कागद. डॉक्टर सांगतो तसं करा. फक्त तिला नावं ठेवू नका."

मी तिचे मनगट हातात घेतले. इतक्या वर्षांत प्रथमच म्हणालो, "काशी, ते मी सांगितलं होतं गं घरी."

"मला काय ठाव नाय?" ती म्हणाली. "पन पळालास बी तूच."

काशी, जा. आता तुला कोणी 'बस' म्हणणार नाही.

हे वाचणाऱ्या प्रत्येकाच्या घरचे न बसणारे लेकरू श्रीहरी सांभाळो, आणि त्याच्याविषयी बोलण्याआधी आपल्या जिभेला क्षणभर थांबण्याची बुद्धी देवो. आपणां सर्वांचे कल्याण असो.