कुणालाच न येणारा वास

अंबरनाथ पूर्वेच्या निसर्गकुंज सोसायटीत आपल्याइतकं स्वतंत्र बाण्याचं माणूस दुसरं नाही, असं वृंदाबाईंचं फार जुनं मत होतं. कल्याणच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी पट्टीच्या धाकाने खरं बोलायला शिकवलं, आणि रोजच्या रोज डायरी लिहायची सवयही तिथलीच. अठ्ठावन्न वर्षांच्या डायऱ्या लोखंडी कपाटात सालवार उभ्या होत्या. यजमान श्रीपादराव गेले त्या दिवसाचं पानसुद्धा कोरं नव्हतं.

आता या स्वतंत्र बाण्याचं प्रत्यक्षात काय व्हायचं ते पाहा. मजल्यावर सगळ्यांनी जाळीचे तपकिरी दरवाजे बसवले, तेव्हा वृंदाबाईंनीही बसवला. तो रंग त्यांना मुळीच आवडला नव्हता. बिल्डिंगमधल्या बायका सकाळी शिवमंदिरापर्यंत चालायला जाऊ लागल्या, तशा त्याही निघाल्या, गुडघा नको नको म्हणत असताना. ग्रुपवर कुणाच्या आजारपणाची बातमी आली, की पाच जणांचे जोडलेले हात येईपर्यंत त्या थांबायच्या आणि मग सहावे जोडायच्या. पण या किरकोळ गोष्टी झाल्या. खऱ्या मुद्द्याच्या वेळी आपण ठाम उभ्या राहू, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती.

खऱ्या मुद्द्याची वेळ एका रविवारी सकाळी साडेदहाला आली, पार्किंगमधल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर.

सोसायटीची सभा होती. वृंदाबाईंच्या शेजारच्या फ्लॅटमधली तेजल उभी राहिली. तिची आणि यज्ञेशची मुलगी राजसी पाच वर्षांची; संध्याकाळी एकदा खोकायला लागली की तोंडात पंप मारल्याशिवाय खोकला थांबत नसे. तेजल म्हणाली, "सातच्या सुमाराला आनंदनगरच्या कारखान्यांकडून जो वास येतो, त्याची तक्रार सोसायटीच्या लेटरहेडवर द्यावी. मी एकटीने दिली तर कोण विचारतंय?"

सेक्रेटरी जितेशने स्वतःचा फ्लॅट विकायला काढला होता. तो म्हणाला, "ताई, तक्रारीला माझी ना नाही. पण वास येतो तरी कोणाकोणाला? एकेकाला विचारून घेऊ. टेन्शन नको."

पहिले म्हणाले, "नाही बुवा." दुसरे म्हणाले, "नाल्याचा येतो कधीमधी, तो काय सगळीकडेच येतो." ऐंशीचे विष्णुपंत म्हणाले, "मला कोरोनापासून गुलाबाचाही येत नाही," आणि सगळे हसले. गोष्ट हसण्यावारी गेल्यावर पुढचे नकार भराभर आले. नववा नंबर वृंदाबाईंचा होता.

श्रीपादराव एमआयडीसीत सव्वीस वर्षं केमिस्ट होते. कुजक्या अंड्यांचा वास कुठला, सडक्या कोबीचा कुठला, हे त्यांनी बायकोला गच्चीत उभं करून शिकवलं होतं. अख्ख्या सोसायटीत या विषयातलं तयार नाक एकच होतं, आणि ते आता आठ नकारांच्या रांगेत बसलं होतं.

"आमच्या बाजूला तसा नाही येत," वृंदाबाई म्हणाल्या.

त्यांच्या आणि तेजलच्या खिडक्यांच्या मध्ये एक ड्रेनेजचा पाइप होता. बाकी बाजू एकच. तेजलने त्यांच्याकडे पाहिलं आणि खाली बसली.

दुपारी वृंदाबाईंनी डायरीत लिहिलं: "सभा झाली. वास कुणालाच येत नाही असे ठरले." वाक्य दोनदा वाचून पाहिलं. त्यात खोटं काहीच नव्हतं, म्हणून त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

मंगळवारी संध्याकाळी सात वाजून पाच मिनिटांनी सडका कोबी आला. वृंदाबाईंनी नेहमीप्रमाणे टॉवेल ओला करून खिडकीच्या फटीत खोचला, आणि तेवढ्यात बेल वाजली. दारात तेजल होती.

"काकू, एकच विचारायचंय. तुम्हाला आत्ता कसलाच वास येत नाही?"

"का गं?"

"यज्ञेश घरी येतो नऊला. तो म्हणतो, सगळ्या बिल्डिंगमध्ये तुला एकटीलाच कसा येतो. त्याने शनिवारी कल्याणला मनाच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. म्हणतो, तू राजसीच्या खोकल्याचं मनाला फार लावून घेतेस." तिने मागे आपल्या दाराकडे पाहिलं. "आता मलाही वाटायला लागलंय, मलाच भास होत असेल. काकांना सगळं कळायचं यातलं. म्हणून तुम्हाला विचारते."

आता बोलायचं होतं. पण रविवारी पंचवीस माणसांसमोर नाही म्हटलेलं मंगळवारी हो कसं म्हणायचं, एवढीच एक अडचण वृंदाबाईंना सुचली.

"मला काही जाणवत नाही बाई," त्या म्हणाल्या.

तेजलची नजर खिडकीतल्या टॉवेलवर गेली. "आणि हे?"

"ऊन येतं गं फार."

तेजलने बाहेरच्या अंधाराकडे पाहिलं. "बरं," म्हणाली आणि गेली.

कॉन्व्हेंटच्या पट्टीपेक्षा ते "बरं" जास्त लागलं. बुधवारी सकाळी वृंदाबाईंनी तीन वर्षांच्या डायऱ्या काढल्या आणि चष्मा पुसून बसल्या. वासाच्या संध्याकाळी दोनशे अकरा निघाल्या, वेळेसकट. आणि त्यांच्याच बारीक अक्षरात मधूनमधून आणखीही काही निघालं: "विष्णुपंतांनी खिडक्या लावल्या, ७.१०." "जितेशकडे थंडीतही एसी सुरू." "खालच्या मजल्यावर उदबत्त्या, एकदम सहासात." गुलाबाचा वास न येणारे विष्णुपंत खिडक्या कशाला लावत होते, हा प्रश्न लिहिणारीला तीन वर्षांत एकदाही पडला नव्हता. सगळे जण एकमेकांच्या बंद खिडक्यांकडे बघत, कुणाला काही येत नाही असं धरून चालले होते. आणि या सगळ्याची पक्की नोंद ठेवणारी बाई त्यात पहिल्या बाकावर बसलेली.

गुरुवारी यज्ञेश कामावरून आल्यावर त्या डायऱ्या घेऊन शेजारी गेल्या.

"मला येतो," त्या म्हणाल्या. "नेहमी येतो. पहिल्यापासून येतो."

यज्ञेशने पानं उलटली. तेजलने हातही लावला नाही.

"मग रविवारी का नाही बोललात?" तिने विचारलं.

"सगळे नाही म्हणत होते."

"काकू, तुम्ही सत्तर वर्षांच्या आहात."

"तेच ना," वृंदाबाई म्हणाल्या. यापेक्षा बरं उत्तर त्यांना आजतागायत सुचलेलं नाही.

तेजल काही एकदम विरघळली नाही. यज्ञेश मात्र वाचता वाचता उठला, आणि बाल्कनीत जाऊन त्याने डॉक्टरांकडे फोन केला. आत येऊन म्हणाला, "शनिवारचं नको सांगितलं." तेजलने डोळे पुसले, कागद घेतला आणि वृंदाबाईंपुढे सरकवला. "पहिली सही तुमची. आणि दारोदार माझ्याबरोबर यायचं. गुडघा वगैरे सांगायचं नाही."

शनिवारी सकाळी दोघी निघाल्या. विष्णुपंतांनी कागद लांब धरला. "आणखी कोण कोण आहे, वहिनी?"

"आम्ही तिघं."

"हां, मग हरकत नाही," म्हणत त्यांनी सही केली आणि वर सांगितलं, "मला तर तेव्हाच येत होता." पुढच्या दारीही तेच. अकरा घरांत तेच वाक्य ऐकून वृंदाबाईंचा संताप झाला. सहाव्या घराच्या आसपास मात्र लक्षात आलं होतं, की गुरुवारी आपण हेच म्हणालो होतो. त्यानंतरचा संताप त्यांनी आतल्या आत केला.

जितेश शेवटी. त्याने आधी बोट लावून वरची नावं मोजली, मग पेन मागितलं.

"काकू, तारीख गेल्या रविवारची टाकली तर? म्हणजे मी सेक्रेटरी म्हणून पहिल्यापासून..."

वृंदाबाई हातातल्या पेनाच्या टोपणाकडे बघायला लागल्या. कारण गुरुवारी सही करताना त्यांच्याही मनात नेमकं तेच आलं होतं.

"आजचीच टाका," तेजल म्हणाली, आणि तो लिहीपर्यंत कागद तिने धरून ठेवला.