सुमनअक्कांचा टीव्ही आणि भाऊची टिप

भाऊच्या मशिनची टिप झिजली, की ते सगळ्यात आधी सुमनअक्कांच्या टीव्हीला कळायचं.

भाऊ म्हणजे माझा थोरला भाऊ. जळगावात घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं फॅब्रिकेशनचं काम चाले. नव्वदीच्या दशकात त्याने प्लाझ्मा कटर आणला. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला. लोखंडाशी माझा संबंध पुस्तकांच्या रॅकपुरता. पण हवा आणि वीज मिळून निघालेली ती निळी ज्योत बोटभर जाडीची प्लेट पिकल्या केळ्यासारखी कापताना पाहिली, आणि मी चष्मा काढून चक्क हात जोडले. ("चष्मा घाल, शहाण्या! डोळे जातील!" भाऊ ओरडला. त्याला काळा चष्मा म्हणायचं होतं.)

ज्योत ज्यातून निघते त्या टॉर्चच्या तोंडाशी तांब्याची टिप असते, आत इलेक्ट्रोड. दोन्ही झिजतात. टिपेचं गोल छिद्र लांबट होतं, काप तिरका जातो, खालच्या कडेला लोखंडाचे थेंब गोठून बसतात. इलेक्ट्रोडला खड्डा पडतो, ज्योत हिरवट होते आणि मशिन एका बटणात पेटत नाही. कट्, कट्, कट् करत राहतं. त्या प्रत्येक 'कट्'ला समोरच्या सुमनअक्कांच्या टीव्हीवर मुंग्यांचं वारूळ फुटायचं!

"भाऊ, तुनी टिप गयी शे!" अक्का दारातून ओरडायच्या. "बठ्ठा मुंग्याच मुंग्या!"

"अजून चालते, अक्का!"

"तुनी टिप चालस, मना टीव्ही चालत नही!"

भाऊ टिप काढून उजेडात धरायचा. छिद्र खरोखर तांदळाच्या दाण्यासारखं लांबट झालेलं असायचं! मी थक्क व्हायचो. भाऊ मात्र तीच टिप परत बसवायचा. (आमच्या घरात टूथपेस्टची नळीसुद्धा कात्रीने उभी चिरल्याशिवाय टाकत नसत.)

मग ती सव्वीस जानेवारी आली. अक्कांचा एकुलता एक रमेश फौजेत होता. दोन दिवाळ्या घरी आला नव्हता, आणि त्या दिवशी दिल्लीच्या संचलनात चालणार होता. अक्कांच्या खोलीत सगळी गल्ली मावेना, म्हणून त्यांचा टीव्ही आमच्या ओट्यावर आणला. वायर आमच्या खिडकीतून आत घेतली. मशिन बंद ठेवायचं भाऊने कबूल केलं होतं.

नेमका तेव्हाच केळीचा ट्रक दारात येऊन एका बाजूला बसला. चाकावरच्या स्प्रिंगच्या पाट्याचं ब्रॅकेट तुटलेलं. नवं प्लेटमधून कापावं लागणार होतं.

"भाऊ, माल दिल्लीचा आहे," ड्रायव्हर काकुळतीला आला. "केळी तिथे पिकायला हवीत, इथे नाही!"

भाऊने अक्कांकडे पाहिलं.

"काप बापा," अक्का म्हणाल्या. "एकच प्लेट शे ना? पन रम्यानी तुकडी उनी का थांबजो." मग माझ्याकडे वळून, "आन् तू, पुस्तकवाल्या, भाऊले वेळवर सांगजो!"

एका बटणात पेटलं असतं, तर काम तेव्हाच संपलं असतं. पण नवी टिप फळीवर, डबीत. मशिनमध्ये जुनीच. कट्. कट्. कट्.

"उनी! उनी!" ओट्यावरून अक्का ओरडल्या. "सांग त्याले!"

रमेशची तुकडी पडद्यावर आली होती. मी शेडकडे धावलो.

"भाऊ, जरा थांबतोस का?" मी म्हणालो.

ग्रंथालयात इतकी वर्षं काढलेल्या माणसाचा आवाज तो! शेजारी कॉम्प्रेसर धडधडत होता. मी पुन्हा म्हणालो. ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, तुम्ही माझ्याशी बोलताय का?"

तेवढ्यात ज्योत पेटली. हिरवट, थरथरती, पण काय तिचं तेज! मी क्षणभर पाहतच राहिलो. ओट्यावरून आरोळी आली, "मुंग्या! बठ्ठा मुंग्या!" मी भानावर आलो आणि झडप घालून भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढला.

मशिन थांबलं. कॉम्प्रेसर थांबला. अख्खी गल्ली शांत. माझ्या प्रसंगावधानाने मी स्वतःच दिपून गेलो!

भाऊने तोंडावरचा काळ्या काचेचा मुखवटा वर केला. "टीव्ही कुठे जोडलाय?" त्याने हळूच विचारलं.

शेडचा आणि घराचा मेन एकच! तो पुन्हा चढवला. जुना टीव्ही, तापायला वेळ घेई. चित्र उमटलं. उंट!

अक्कांनी एकेक उंट नीट निरखला. "यामा मना रम्या नही शे," त्या म्हणाल्या, आणि पदर डोळ्यांना लावला.

भाऊने डबी फोडली. नवी टिप, नवा इलेक्ट्रोड. एक बटण, एक काप, कड आरशासारखी. ट्रक गेला. अक्का मात्र आमच्याशी बोलेनात.

मे महिन्यात रमेश सुट्टीवर आला. भाऊने त्याला गल्लीच्या तोंडाशी गाठून काहीतरी सांगितलं. मग जळगावच्या त्या उन्हात, पूर्ण गणवेशात, रमेश एकटा गल्लीतून संचलन करत आला. अक्का आमच्या ओट्यावर खुर्चीत. समोर येताच "दाहिने देख!" त्याने स्वतःलाच हुकूम दिला, मान वळवली आणि आईला सलामी ठोकली. त्याच्या बुटांचा आवाज भिंतींवरून फिरत होता. भाऊच्या निळ्या ज्योतीनंतर मी पुन्हा एकदा नकळत चष्मा काढला.

त्यानंतर पहिल्या 'कट्'लाच भाऊ टिप बदलू लागला.

गेल्या महिन्यात भाऊ गेला. त्याच ओट्यावर शोकसभा झाली. मी चार ओळी लिहून नेल्या होत्या. वाचायला लागलो, तर माइक खरखरला. पुढे बसलेल्या, आता वाकलेल्या अक्का म्हणाल्या, "भाऊ, टिप गयी शे..." आणि हसता हसता रडू लागल्या.

माइक बंद करावा म्हणून मी भिंतीकडे हात नेला. अख्खी गल्ली एका सुरात ओरडली, "मेनला हात लावू नका!"

माझा आवाज कधीच पोचला नाही. गल्लीचा हा आवाज मात्र भाऊला नक्की ऐकू गेला असेल.