गिरणाऱ्याच्या बाजारातली ग्रामसभा

पेठ तालुक्यातल्या काजळमाळला भागीबाई सरपंच झाली २००२ साली. झाली म्हणजे केली गेली. जागा बाईसाठी राखीव निघाली. झुंबर आधीची दहा वर्षं सरपंच होता, त्याला आपल्या बायकोलाच उभं करायचं होतं, पण घरात नुकताच तिसरा पाळणा हलला आणि दोनच मुलांच्या नव्या कायद्यानं ती बाद झाली. मग साक्षरतेच्या वर्गात सही शिकलेली बाई शोधली, तर मंगळूची भागी सापडली. "वहिनी, तुमी नुसत्या सह्या करा, बाकीचं मी पाहतो," असं झुंबर हसत हसत म्हणाला आणि नारळ फोडून घरी गेला.

पहिलाच चेक आला मुरुमाच्या रस्त्याचा. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी बोट ठेवून सहीची जागा दाखवली. भागीबाई म्हणाली, "आधी रस्ता दावा." भाऊसाहेब बिचारे भर उन्हात तिच्यामागून चालले. कागदावर रस्ता होता तिथं करवंदीच्या जाळ्या होत्या. तिनं चेक तसाच परत दिला आणि त्या दिवसापासून झुंबरनं तिच्याशी रामराम बंद केला. खाई त्याला खवखवे, दुसरं काय!

पुढं तिनं आणखी एक खूळ काढलं. होळीला सगळं गाव गोळा होतं म्हणून होळी पेटायच्या आधी ती उभी राहायची आणि घरपट्टी किती आली, कुठं गेली, हे मोठ्यानं सांगायची. "आमची सरपंचीण होळीला शिव्या देत नाय, हिशेब देते," अशी पोरं तिची टिंगल करायची. पण कान देऊन ऐकायची. गावाच्या पैशाबद्दल गावाला कुणी सांगतंय, हे त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

गावाला खरी आस होती पाण्याची. उन्हाळ्यात बायका खालच्या घळीतल्या झिऱ्यावर जायच्या. त्या उतारावरून चंद्रभागाची सून हंड्यासकट घसरली आणि तिच्या पोटातलं मूल गेलं. चंद्रभागा म्हणजे भागीबाईची शेजारीण, सुखदुःखाची सोबतीण. त्या दिवशी भागीबाईनं तिच्या ओट्यावर बसून शब्द दिला, "माझी पाच वर्षं सरायच्या आत पाणी वर आणते."

आणि योजना मिळालीही. तालुक्याला खेटे घालून घालून तिच्या चपला झिजल्या, पण मिळाली. अट एवढीच, की मार्चअखेरीच्या आत ग्रामसभेत निम्म्याहून जास्त घरांनी हात वर करून मंजुरी द्यायची. आता गंमत बघा. जानेवारी उजाडला की काजळमाळमध्ये म्हातारी माणसं आणि कोंबड्या उरतात. बाकी सगळं गाव द्राक्षांच्या कामाला नाशिकजवळच्या गिरणाऱ्याकडं जातं, मळ्यांच्या कडेला पालं टाकून राहतं. सव्वीस जानेवारीची सभा बोलावली तर शाळेच्या पटांगणात मूठभर म्हातारे येऊन बसले.

झुंबरच्या काळात असली अडचण कधी आलीच नव्हती. तेव्हा गाव मळ्यात असायचं आणि अंगठे बरोबर गावात उमटायचे. भाऊसाहेबांनी तीच वाट सुचवली. भागीबाईनं मान हलवली. तिच्या लोकांत सोयरीक असो की भांडण, पंच जमतील तिथं बैठक होते. कामावर असले तर कामावर. तिला वाटलं, सभा म्हणजे तरी वेगळं काय? तिनं गिरणाऱ्याच्या बाजाराचा दिवस धरला. सगळं गाव मीठमिरची घ्यायला तिथं येणारच होतं.

बाजाराच्या कडेला, चिंचेखाली, काजळमाळ जमलं. पिशव्या मांडीवर घेऊन बायका पुढं बसल्या. विहीर कुठं खोदायची यावर कडाक्याचं भांडण झालं, मग सगळे हात वर गेले. चंद्रभागानं तर दोन्ही हात वर केले. भागीबाईचे डोळे भरून आले. इतकी खरी ग्रामसभा त्या गावानं कधी पाहिली नव्हती.

भाऊसाहेब लिहायला बसले. हळूच म्हणाले, "ताई, ठिकाण शाळेचं पटांगण टाकतो. कशाला नसती आफत?"

"जिथं बसलो तठलं नाव लिवा," भागीबाई म्हणाली. "आता कुठं खरं चाललंय, त्यात खोटं कशाला?"

झुंबरला एवढंच हवं होतं. त्याचा तक्रारअर्ज तालुक्याला पोचला, चौकशी लागली. साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी विचारलं, "बाई, गावाच्या हद्दीबाहेर ग्रामसभा होत नाही, हे ठाऊक नव्हतं?"

"साहेब, गाव तठंच व्हतं."

साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि ठराव रद्द केला. मार्च सरला, योजना दुसऱ्या गावाला गेली. पावसाळ्यात भागीबाईलाही पदावरून काढलं. कारण दिलं, कर्तव्यात कसूर. ज्यानं करवंदीच्या जाळ्यांवर कागदोपत्री मुरुम टाकला त्याला कुणी शब्दानं विचारलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही.

पण तिला खरं मारलं ते गावानं. पुढच्या उन्हाळ्यात झिऱ्यावर चंद्रभागा तिच्याशेजारी वाटीनं पाणी भरत होती. भागीबाई सवयीनं काहीतरी बोलायला गेली. चंद्रभागा वर न बघता म्हणाली, "मागला खात व्हता बाय, पण कागद तरी नीट करत व्हता. तू येक खोटं लिवू दिलं असतंस तर आज माझ्या दारात पाणी असतं." वाईट म्हणजे भागीबाईला ते पटलं. घळ चढताना ती ढसाढसा रडली, आणि आपण नेमकं कशासाठी रडतोय हेही तिला धड कळेना.

होळीला ती पुन्हा कधी उभी राहिली नाही. कुणी तिला उभं राहा म्हणालंही नाही.

२००७ साली झुंबर पुन्हा निवडणुकीला उभा राहिला, पाणी आणतो म्हणाला. मतदानाच्या दिवशी भागीबाई सकाळीच जाऊन रांगेत उभी राहिली. घरी येऊन तिनं मंगळूला सांगितलं, "झुंबरला दिलं." मंगळूनंही त्यालाच दिलं होतं.