ब्रेकमास्तर आणि मोबाईलमधला डॉक्टर

ब्रेकमास्तरांची उभी हयात लोकांना मोटार शिकवण्यात गेली, आणि त्यातली निम्मी त्यांच्यावर खेकसण्यात. म्हातारपणी खेकसायला घरात एक मुलगीच उरली. गुडघ्यांमुळे दवाखान्याचा जिना झेपेना, तेव्हा तिने मोबाईलवरचा डॉक्टर ठरवला.

"बाबा, घरबसल्या तपासतात."

"हात न लावता? मग मीही घरात लोळत गाडी शिकवली असती की!"

तरी बसले बिचारे. पडद्यावर एक तरुण डॉक्टर उगवला, पण नजर भलतीकडेच. मास्तर बोलत होते आणि हा शेजारच्या कॉम्प्युटरवर टकटक करत होता.

"पाय सुजतात," मास्तर म्हणाले.

"मीठ कमी करा, आजोबा." एवढं बोलून गडी गुल!

लगेच कंपनीच्या बाईचा गोड फोन. "आमच्या सेवेबद्दल आपण किती समाधानी आहात?"

मुलीनेच फोन घेतला. "अगदी पूर्ण समाधानी!"

मास्तरांचं डोकं फिरलं. "पाय माझे सुजलेत आणि समाधान हिला!"

पुढच्या खेपेला त्यांनी मुलीला आत पिटाळलं आणि मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवला. डॉक्टरची मान पुन्हा वाकडी.

"ए, समोर बघ!"

या आवाजाने भल्याभल्यांनी भर रस्त्यात करकचून ब्रेक दाबले होते. डॉक्टर दचकून सरळ झाला. मास्तरांनी मोबाईल खाली नेला. आधी फरशी दिसली, मग टेबलाखालची चप्पल, शेवटी एकदाचे पाय.

डॉक्टर पुढे वाकला. "घोट्यावर बोट दाबा बरं. खड्डा राहतो? ब्लडप्रेशरची गोळी कधी बदलली?"

"गेल्याच महिन्यात. हे मागच्या खेपेला विचारायला तोंड शिवलं होतं का?"

"चुकलं, आजोबा," डॉक्टर ओशाळून म्हणाला. "सूज बहुतेक त्या गोळीची आहे. गोळी बदलू, पण रक्तही तपासून घ्या. आणि दम लागला तर मला फोन करत बसू नका, थेट इस्पितळ गाठा."

सूज उतरली. मास्तरांचा पारा कसला उतरतोय! गोड आवाजाच्या बाईचा फोन आला तो या वेळी त्यांनी स्वतःच उचलला.

"समाधानी आहात ना, काका?"

"काठावर पास लिहा."

"अहो, तसा पर्यायच नाहीये."

"मग तुम्ही नापास!" म्हणत त्यांनी फोन बंद केला.

मुलीला मात्र बजावलं, पुढच्या वेळीही हाच डॉक्टर हवा. नव्याला वळण लावत बसायला आता अंगात ताकद नाही.